साठावी तसबीर

हे पत्र हातात पडलं असतं तर तू आधी ते उलटं करून पाहिलं असतंस. कुठलीही तसबीर समोर आली की तू तिची पाठच बघायचीस. पुठ्ठा कसा बसवलाय, खिळे सरळ आहेत का, कडेची कागदी पट्टी नीट चिकटलीय का. "पुढून सगळ्याच छान दिसतात, ताई," म्हणायचीस. बघून घे. मागे काही लिहिलेलं नाही. जे आहे ते पुढेच आहे आणि ते मी एका बैठकीत लिहिणार आहे, कारण मध्ये थांबले की उठते आणि खोलीत फेऱ्या मारते. खिडकी ते पलंग, पलंग ते खिडकी. खालून तुझी लेक ओरडते, "आत्या, वर पलटण आहे की तू एकटीच?"

हे दुसरेही वाचणार, म्हणून तुला ठाऊक असलेलं तुलाच ऐकवावं लागतंय. सहन कर.

तू माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आलीस तेव्हा तेवीस वर्षांची होतीस. घर म्हणजे पुढे रस्त्यावर दुकान, मागे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, आणि जिना चढून माझी खोली. दुकान आमच्या वडिलांचं. तसबिरींना चौकटी करून द्यायचं. वडील गेल्यावर करवत भावाच्या हातात आली आणि चौकटीचे कोपरे जुळेनासे झाले. मधून मुंगी नाही, झुरळ जाईल एवढी फट. तू तिसऱ्या महिन्यात त्याच्या हातून करवत काढून घेतलीस. "तुम्ही गिऱ्हाइकांशी गोड बोला, ते तुम्हाला जमतं." तो आजतागायत गोडच बोलतोय.

मी बी.एस्सी. झालेली, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी, बिनलग्नाची नणंद. म्हणजे घरातली सर्वांत शहाणी. आई तसं म्हणायची आणि मलाही ते पटलेलं होतं.

लेक चौदा महिन्यांची होती. आईला झटका येऊन तिची उजवी बाजू गेली होती. तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं, अंथरूण बदलायचं, आणि मध्येच घंटी वाजली की हात पुसत दुकानात यायचं. एका दुपारी तू पोरीला कडेवर घेऊन जिना चढून आलीस आणि दारातच उभी राहिलीस.

"ताई, दिवस गेलेत."

मी वह्या तपासत होते. पेन खाली ठेवलं नाही. "किती आठवडे?"

"सात."

"तो काय म्हणतो?"

"ते म्हणतात, तुम्ही दोघी मिळून ठरवा."

माझा भाऊ म्हणजे गरीब गाय. पण गायसुद्धा कधीतरी हंबरते. मी म्हटलं, "मग ठरवायचं आहे काय त्यात? खाली आई अशी, कडेवर ही, दुकान तुझ्या हातांवर. माझ्या ओळखीची डॉक्टर आहे. दहा मिनिटांचं काम आहे. सकाळी जायचं, दुपारी घरी."

"पण ताई, आपल्यात..."

"आपल्यातलं कोण येणार आहे आईचं अंथरूण बदलायला?"

यावर तू काही बोलली नाहीस. त्या न बोलण्याला मी होकार समजले.

दवाखान्यात तू गळ्यातला क्रूस काढून माझ्या हातात दिलास आणि आत गेलीस. मी बाकावर बसून उरलेल्या वह्या तपासल्या. खरंच दहा मिनिटांचं काम होतं. फार तर पंधरा. येताना वाटेत तू एवढंच विचारलंस, "दुकानाची किल्ली तुमच्याकडेच आहे ना?" संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोला चौकट केलीस. मी मुद्दाम जाऊन कोपरे पाहिले. जुळले होते. म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी चहा सुरू झाला.

आमच्यात नसलेल्यांना हे सांगायला हवं. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तशरीर घ्यायचं, म्हणजे कम्युनियन, तर त्याआधी तासभर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. मिस्सा आठला, चर्च पाच मिनिटांवर. तू पावणेआठला म्हणालीस, "ताई, चहा टाका ना थोडा."

"अगं, कम्युनियन घ्यायचं नाही का?"

"डोकं धरलंय."

पुढच्या रविवारी परत डोकं. तिसऱ्या रविवारी मी न विचारताच टाकला. मला कळलं नव्हतं असं नाही. मनात एवढं मोठं पाप ठेवून ते घ्यायचं नाही, हा नियम आम्ही दोघी लहानपणी एकाच पुस्तकातून शिकलो होतो. पण सगळा बाक उठून पुढे जाताना एकटीनं बसून राहायचं म्हणजे लोकांचे डोळे. चहा प्यायलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. तू खोटंही बोलत नव्हतीस, खरंच चहा प्यायलेली असायचीस. एकोणीस वर्षं, दर रविवारी पावणेआठला, मी तुला चहा करून दिला. साखर दीड चमचा.

आई अंथरुणातून म्हणायची, "हिला देवापेक्षा चहा प्यारा!" तू हसायचीस. चर्चमध्ये शेवटच्या बाकाच्या टोकाला बसायचीस आणि रांग सुटली की गुडघे एका बाजूला वळवून सगळ्यांना वाट करून द्यायचीस. लेकीच्या पहिल्या कम्युनियनला पोरी पांढऱ्या झग्यांत, आणि प्रत्येकीच्या मागे तिची आई. तुझी पोर मागे वळून वळून बघत होती. घरी आल्यावर तिनं पाय आपटले.

"तू का नाही आलीस?"

"माझा चहा झाला होता गं."

"आजच्या दिवस नव्हता ना प्यायचा!"

तू तिच्या झग्याची बटणं काढत होतीस. एक बटण तुला बराच वेळ निघेना. मी चटकन जिना चढून वर गेले.

त्याच वर्षी मी एकदा तुझ्यावर चिडले. म्हटलं, "जाऊन एकदा कन्फेशन कर आणि मोकळी हो. दर रविवारी हे काय नाटक?"

"सांगितलं तर फादर माफ करतील," तू म्हणालीस.

"त्यासाठीच सांगायचं असतं."

"मग त्याचं कोण उरलं?"

"कुणाचं?"

"त्याचं. ह्यांना आठवत नाही, तुम्ही विषय काढत नाही. मी एकटी आहे जी धरून आहे. माफी झाली, पुसलं गेलं, की ते कधी नव्हतंच असं होईल."

माझ्याकडे जीवशास्त्राचं उत्तर होतं. ते मी दिलं नाही, एवढं एकच शहाणपण मी त्या दिवशी केलं.

पुढे आई गेली. लेक कॉलेजात जायला लागली. मग ते नवे फादर आले, उंच, हडकुळे, सायकलवर गुडघे हँडलला लागायचे. सगळे त्यांना सायकलवाले फादरच म्हणायचे. त्यांनी दुकानात साठ चित्रं आणून टाकली. दैवी दयेचं चित्र: पांढऱ्या झग्यातला येशू, एक हात आशीर्वादाला वर, दुसरा छातीशी, आणि तिथून निघालेले दोन किरण, एक लाल, एक फिका. पायाखाली एक ओळ: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. साठ कुटुंबांना साठ तसबिरी द्यायच्या होत्या. ईस्टरनंतरचा रविवार हा दयेचा रविवार. त्या दिवशी आशीर्वाद देऊन ज्यानं त्यानं आपली घरी न्यायची.

तू महिनाभर ते काम केलंस. चित्राला माउंट लावायचा, म्हणजे चौकट आणि चित्र यांच्यामध्ये जाड कागदाची रुंद किनार बसवायची. त्या कागदात मधोमध खिडकी कापायची आणि तिच्यातून चित्र दिसतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी साठ तसबिरी भिंतीला टेकवून तयार होत्या. आमच्या घरची एक मी तेव्हाच उचलून वर नेली आणि खिळ्याला अडकवली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सोमवारी सायकलवाले फादर बघायला आले. मी जिन्यात होते. त्यांनी एक उचलली, लांब धरली, जवळ धरली.

"बाई, ओळ कुठे गेली?"

"माउंटखाली गेली," तू म्हणालीस. "खिडकी तेवढी खाली येत नव्हती."

त्यांनी दुसरी उचलली. तिसरी. मग रांगेतून चालत शेवटपर्यंत गेले. "सगळ्यांतच?"

भाऊ पुढे सरसावला. "काय आहे फादर, माप एकदा घेतलं की सगळ्या एकसारख्या होतात. चहा घेणार?"

"माझे वडील सुतार होते," फादर म्हणाले. "माप चुकलं की पहिल्याच नगाला कळतं."

"म्हणजे अगदी आपल्या प्रभूसारखंच की हो तुमचं!" भाऊ म्हणाला.

फादर हसले नाहीत. तुझ्याकडे बघत होते. वीस वर्षं माउंट कापणारी बाई एकच चुकीचं माप सलग साठ वेळा घेत नाही, हे त्यांना कळलं होतं. ते भावाला म्हणाले, "चहा घेतो. तुम्ही आत जाऊन करा. सावकाश करा." मग स्टुलावर बसले, कन्फेशन ऐकताना घालतात ती जांभळी पट्टी खिशातून काढून गळ्यात घातली आणि तुझ्याकडे कान करून खाली बघत राहिले. तुझ्या हातात अजून माउंट कापायची सुरी होती. ती तू टेबलावर ठेवलीस. मी वर गेले. आत चहा उतू गेल्याचा वास थेट माझ्या खोलीत आला.

तू काय बोललीस ते मला माहीत नाही. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून काय सांगितलं ते तू मला दुसऱ्या दिवशी सांगितलंस. पहिलं: सगळ्या उघडायच्या, बोटभर पट्टी खालून कापायची, आणि प्रत्येक वेळी ओळ दिसली की ती एकदा मोठ्यानं वाचायची. मदतीला कुणी घ्यायचं नाही. आणि दुसरं: लेकराचं नाव ठेवायचं.

"म्हणाले, पुसायला कुणी सांगितलंय, बाई? माफी म्हणजे खोडरबर नाही. नाव ठेवा आणि त्याच्या हातात द्या. तो सांभाळेल. तुम्ही एकट्या किती दिवस धरून राहणार?"

"मग ठेवलंस?"

"ठेवलंय."

"काय?"

तू पकडीनं खिळे काढत होतीस.

सहा दिवस खालून तेच आवाज. खिळे निघायचे, पुठ्ठा निघायचा, सुरी फिरायची, आणि मग तुझा आवाज. पहिल्या दिवशी ऐकूसुद्धा येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तू गिऱ्हाईक आलं की थांबायचीस. गुरुवारपर्यंत तू गिऱ्हाइकासमोर वाचायला लागलीस. एक माणूस चष्मा वर करून विचारता झाला, "मला म्हणालात का?" भाऊ म्हणाला, "नाही हो, वरच्या साहेबांना." मला घरात बसवेना. मी बाजारात गेले, परत आले, परत गेले. शुक्रवारी दुकानात शिरले तर टेबलाखाली कापलेल्या पट्ट्यांचा ढीग होता. तू मान वर न करता म्हणालीस, "एकोणसाठ होतील उद्या. ताई, तुमची तेवढी खाली आणा. दहा मिनिटांचं काम आहे."

तू मुद्दाम म्हणालीस का, मला आजही माहीत नाही. तुझा चेहरा साधाच होता. तुला ते माझे शब्द आठवत असतील की नसतील. मला आठवत होते.

"रविवारनंतर बघू," मी म्हटलं.

रविवारी पावणेआठला मी सवयीनं चहा टाकला. कप तुझ्यासमोर ठेवला. तू केस विंचरत होतीस. पिना तोंडात होत्या.

"निवतोय," मी म्हटलं.

"निवू दे."

मी ओटा पुसला. पुसलेला परत पुसला. चहावर साय आली. तू पदर सारखा केलास, कपाला वळसा घालून चपला शोधायला गेलीस. तेवढ्यात भाऊ आला, कप दिसला, एका घोटात संपवला. "वाया कशाला घालवायचा?" मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. "अरेच्चा! आता माझं कम्युनियन?"

तू एवढी हसलीस की तुला उंबऱ्यावर बसावं लागलं.

त्या दिवशी बाकाच्या टोकाला तो बसला. रांग सुटली. त्यानं गुडघे वळवून वाट दिली आणि तू त्याच्यासमोरून गेलीस. लेकीनं माझा हात दाबला. रांगेत मी तुझ्या मागे होते. मला फक्त तुझ्या टाचा दिसत होत्या, डाव्या चपलेचा पट्टा सुटायला आलेला. तू दोन्ही हात एकावर एक ठेवून पुढे केलेस. डाव्या तळव्यावर सुरीचे वीस वर्षांचे ओरखडे. परत येऊन बसलीस ती त्याला कोपर मारून. "सरका जरा."

त्यानंतर तुला चौदा वर्षं मिळाली. मवाळ नाही झालीस, हट्टीच राहिलीस. दुपारी तीन वाजले, म्हणजे प्रभूनं क्रूसावर प्राण सोडला ती वेळ झाली, की सुरी खाली आणि दयेची माळ हातात. समोर राजा उभा असला तरी थांबायचा. "पाच-सात मिनिटं, बसा," आणि बसायचे लोक. बायका यायला लागल्या. काखेत काहीतरी चित्र असायचं, पण चित्रासाठी आलेल्या नसायच्या. चर्चमध्ये तू एकदा उठून सगळ्यांसमोर आपली गोष्ट सांगितली होतीस, माझा भाग वगळून. ती ऐकून यायच्या. तू कुणाला "होईल सगळं ठीक" म्हटलेलं मी ऐकलं नाही. "बस. हे टोक धर," म्हणायचीस. ती टोक धरायची आणि बोलायला लागायची.

आणि दर वर्षी दयेचा रविवार आला की मला, "ताई, साठावी?"

मी काय काय कारणं दिली! परीक्षेचे पेपर. निवृत्तीचे कागद. मोतीबिंदू. शेवटी गुडघे.

"खाली उतरायला गुडघे लागतात."

"लेकीला पाठवते वर."

"नको. माझी मी आणेन."

"तुमची तुम्ही आणणार ना? मग मी हात लावणार नाही," तू म्हणालीस, आणि लावला नाहीस. चौदा वर्षांत वर येऊन त्या भिंतीशी उभी राहून माझ्याशी गप्पा मारल्यास, पण तसबीर खिळ्यावरून काढली नाहीस. तिच्यात येशूच्या पायांशी माउंटची कड आहे आणि ओळ तिच्याखाली.

एकदा मी परत विचारलं, "नाव काय ठेवलंस ते तरी सांग."

"साठावी आणा, मग सांगते."

"ही काय अट झाली?"

"अट नाही हो. एकटीनं उच्चारवत नाही मला. ओळ उघडताना सांगेन. तुम्ही पण होतात ना तिथं."

तुझ्या आवाजात ठपका नव्हता. असता तर मी भांडले असते, ते मला जमतं. मी दर महिन्याला कन्फेशनला जाते, राग सांगते, तोंडाळपणा सांगते. हे सांगितलं नाही. मी काय, नुसती सोबत गेले होते.

मागच्या वर्षी दयेच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी तसबीर काढली. खरंच काढली. भिंतीवर तिच्या मापाचा पांढरा चौकोन राहिला. धूळ पुसली, जुन्या साडीत गुंडाळली, आणि कठड्याला धरून उतरायला लागले. सातव्या पायरीवर आले तर दुकानातून कुणी मुलगी हुंदके देत बोलत होती आणि तू म्हणत होतीस, "हं. धरलंस ना? मग बोल." तीन वाजायला आले होते. म्हटलं, आत्ता नको. तिचं होऊ दे. उद्या मिस्सेनंतर निवांत जाऊ. मी परत वर गेले.

सकाळी पावणेआठला भाऊ जिन्याखालून हाका मारत होता. अशी हाक मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तू कुशीवर झोपली होतीस, हात गालाखाली.

भावाला मी नंतर विचारलं, "तुला तिनं नाव सांगितलं होतं?" तो बराच वेळ काउंटरची काच पुसत राहिला. "मी विचारलंच नाही कधी," म्हणाला. लेकीला माहीत नाही. सायकलवाले फादर बदली होऊन कुठल्या कुठे गेले, आणि त्यांना विचारण्यात अर्थ नाही, कन्फेशनमधलं ते सांगणार नाहीत. सांगूही नये.

दुकान आता लेक चालवते. तिचे कोपरे तुझ्यासारखेच जुळतात. परवा ती वर आली, पलंगाखालचं साडीचं गाठोडं तिला दिसलं.

"आत्या, ही साठावी का गं? दे, मी करते. दहा मिनिटांचं काम."

"नको. माझी मी आणेन."

उद्या दयेचा रविवार. गाठोडं आत्ता माझ्या मांडीवर आहे, आणि त्याच्यावरच कागद ठेवून हे लिहिते आहे. खालून सुरीचा आवाज येतोय. मघाशी तिनं हाक मारली, "आत्या, येतेस का? टेबल मोकळं आहे."

"येते," म्हटलं.